डोमिनोच्या खाचा जुळत नाहीत? आधी चूक कोणत्या दिशेला आहे ते ओळखा

फळ्या रंधून झाल्या, खाचा पाडून झाल्या, डोमिनो (समोरासमोरच्या खाचांत बसणारे चपटे लाकडी तुकडे) घालून कोरडी जुळणी केली आणि सांध्यावरून नख फिरवलं तर एक फळी दुसरीपेक्षा दीड-दोन मिलिमीटर वर. किंवा डोमिनो एका फळीत सुरेख बसले, पण दुसरी फळी त्यांच्यावर चढायलाच तयार नाही. अशा वेळी बहुतेक जण मशिनला शिव्या घालतात, फेन्स (मशिनची फळीवर टेकणारी पट्टी) ढिला करून पुन्हा आवळतात आणि शेजारी नव्या खाचा पाडतात. त्यातून नवी चूक जुनीत मिसळते आणि मूळ कारण हाती लागत नाही.

इथलं सगळं फेस्टूल कंपनीच्या डोमिनो डीएफ ५०० या खाचा पाडणाऱ्या मशिनला धरून लिहिलं आहे. मोठ्या डीएफ ७०० ला किंवा त्याच धर्तीच्या दुसऱ्या मशिनला तर्क हाच लागतो, आकडे तेवढे बदलतात.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. कडेला कड जोडताना ताकद डोमिनो देत नाही, ती डिंकाची ओळ देते. दोन्ही कडा नीट रंधलेल्या असतील आणि लाकडाचे रेषे कडेला समांतर असतील तर फेविकॉलसारख्या पांढऱ्या डिंकाचा सांधा लाकडाइतकाच टिकतो. इथे डोमिनोचं काम म्हणजे क्लॅम्प आवळताना फळ्या वर-खाली सरकू न देणं. म्हणून खाच चुकली की डोमिनो मदत करायच्या ऐवजी चुकीच्या उंचीवर फळी धरून ठेवतो. वाकडा डोमिनो घालण्यापेक्षा न घातलेला बरा.

खाचेची जागा कोण ठरवतं

मशिनचा कटर मिनिटाला सुमारे २४,००० फेरे फिरतो आणि फिरता फिरता डावी-उजवीकडे झुलतो. त्यामुळे दोन्ही टोकांना गोल अशी लांबट खाच तयार होते. कटर ४, ५, ६, ८ आणि १० मिमीचे. खोलीच्या खुणा १२, १५, २०, २५ आणि २८ मिमीच्या. खाचेच्या रुंदीच्या डायलवर तीन जागा: कटरचा व्यास अधिक १३, १९ किंवा २३ मिमी.

खाच वरच्या पृष्ठभागापासून किती खाली पडेल ते फेन्स ठरवतो. फळीच्या लांबीत कुठे पडेल ते तुमची पेन्सिलची रेघ आणि फेन्सवरच्या पारदर्शक खिडकीतली रेघ मिळून ठरवतात. आत जाताना सरळ जाईल की तिरकी, ते फेन्सचा कोन आणि तुमचे हात.

आता या लेखातली सगळ्यात कामाची गोष्ट. दोन फळ्यांना खाचा पाडताना आपण समोरासमोरच्या कडांकडे तोंड करून उभे राहतो. पहिल्या फळीची उजवी बाजू जोडताना दुसरीच्या डाव्या बाजूसमोर येते. म्हणून दोन्ही फळ्यांची दर्शनी बाजू वर ठेवून काम केलं तर उंचीतला फरक आपोआप कटतो. खाच मध्यावर नसली तरी बिघडत नाही, कारण दोन्हीकडे ती वरून सारखीच खाली असते. पण लांबीतली आणि तिरकेपणाची चूक दुप्पट होते. खिडकीची रेघ अर्धा मिलिमीटर उजवीकडे असेल तर सांध्यात एक मिलिमीटरचा फरक दिसतो. बाकीचं निदान यावरच उभं आहे.

चाचणी: रद्दी तुकड्यांवर, खऱ्या फळ्यांवर नाही

खऱ्या फळ्यांच्याच जाडीचे, साधारण ३०० मिमी लांबीचे दोन तुकडे घ्या. रंधा मारलेले, सपाट. प्लायचे चालतात, पण एकाच शीटचे घ्या, कारण १८ मिमी म्हणून विकलं जाणारं प्लाय व्हर्नियर लावलं की क्वचितच १८ भरतं.

१. दोन्ही तुकडे कडेला कड लावून ठेवा आणि वरच्या बाजूला दोन्हींवरून जाणारा एक मोठा पेन्सिलचा त्रिकोण काढा. तो पुन्हा जुळला तरच तुकडे मूळ जागी आहेत.

२. सांध्याला आडव्या तीन रेघा मारा: दोन टोकांकडे, एक मध्ये. बारीक पेन्सिल किंवा चाकूचं टोक वापरा. जाड रेघेतच अर्धा मिलिमीटर जातो.

३. त्रिकोणाची बाजू वर ठेवून सहाही खाचा सगळ्यात अरुंद डायलवर पाडा. मध्ये फेन्सला हात लावू नका.

४. आधी फक्त मधला डोमिनो घालून जोडा, डिंक न लावता. मग तो काढून तिन्ही घाला.

मधला एकटा असताना पृष्ठभाग एका पातळीत असतील तर उंची बरोबर आहे. तिन्ही घातल्यावर सांधा मिटला नाही तर चूक लांबीत आहे. सांधा मिटतो, पण तुकडे मिळून किंचित कौलासारखे दिसतात, तर खाच तिरकी गेली आहे.

पायरी सगळीकडे सारखी आहे

एक फळी दुसरीपेक्षा सगळीकडे सारखीच वर राहण्याचं सर्वांत सामान्य कारण म्हणजे एक फळी उलटी धरली गेली. फेन्सची उंची ठरवणाऱ्या पायऱ्यांच्या ठोकळ्यावर १६, २०, २२, २५, २८, ३६ आणि ४० मिमी एवढेच टप्पे आहेत. आपल्याकडे सर्रास वापरली जाणारी १८ मिमी जाडी त्यात नाहीच. ठोकळा २० वर ठेवला तर खाचेचा मध्य वरून १० मिमीवर पडतो, खालून ८ मिमी उरतात. दोन्ही फळ्यांना दर्शनी बाजूनेच खाच पाडली तर काही होत नाही. एक जरी उलटली तरी २ मिमीची पायरी. पायरी अशी गोल आकड्यात आली तर मशिन तपासत बसू नका, त्रिकोण पाहा.

दुसरं कारण थोडं लबाड आहे. कटरच्या मध्यापासून मशिनच्या तळपट्टीपर्यंत १० मिमी अंतर असतं. फळी बाकावर पूर्ण सपाट ठेवून काम करत असाल तर मशिनला टेकायला दोन जागा मिळतात: वर फळीवर फेन्स, खाली बाकावर तळपट्टी. ठोकळा २० वर असताना फेन्स आणि तळपट्टीतलं अंतर १० अधिक १०, म्हणजे नेमकं २० मिमी. फळी २०.३ मिमी भरली तर फेन्स नीट टेकतो. १९.७ भरली तर तळपट्टी बाकाला लागते आणि फेन्स ०.३ मिमी अधांतरी राहतो. तुम्ही वरून कितीही दाबा, उंची आता बाक ठरवतोय. १८ मिमीच्या फळीला १६चा टप्पा लावला तरी हाच सापळा: ८ अधिक १० बरोबर १८. त्यात बाकावर भुशाची एक ढलपी पडली की एक खाच वर, दुसरी खाली, आणि कारण कुठेच दिसत नाही.

उपाय सोपा आहे. मशिनला टेकायला एकच जागा द्या. फेन्सने काम करायचं असेल तर फळीची कड बाकाच्या बाहेर पाच-सात सेंटिमीटर काढून क्लॅम्प करा, म्हणजे तळपट्टी हवेत राहील. बाकावरून काम करायचं असेल तर फेन्स पूर्ण वर उचलून बाजूला करा, सगळ्या फळ्यांची दर्शनी बाजू खाली ठेवा आणि मशिन बाकावर टेकवून सरकवा. आखूड आणि अरुंद पट्ट्यांना मी दुसरी पद्धत वापरतो. लांब फळ्यांना फेन्सच बरा, कारण थोडी कमान असलेल्या फळीवरही तो तिथल्या तिथे पृष्ठभाग धरून चालतो आणि जोडताना डोमिनो ती कमान ओढून सरळ करतात. बाकावरून करायचं तर फळी प्रत्येक खाचेपाशी बाकाला दाबून धरावी लागते.

पायरी सुरुवातीला नाही आणि पुढे वाढत गेली, तर फेन्स कामाच्या ओघात घसरतोय. उंचीचा लिव्हर पुरता आवळला जातोय का पाहा, आणि फेन्स ज्या खोबणीत वर-खाली होतो तिथला भुसा ब्रशने काढा. सागाचा तेलकट बारीक भुसा तिथे चिकटून बसतो.

जोडलेल्या फळ्या कौलासारख्या दिसतात

खाच आत जाताना वर किंवा खाली झुकली की असं होतं. तपासायला चाचणीच्या तुकड्यात डोमिनो अर्धा घाला. बाहेर आलेल्या भागाचं वरच्या पृष्ठभागापासूनचं अंतर कडेपाशी आणि टोकापाशी व्हर्नियरने मोजा. २० मिमी लांबीत ०.२ मिमीचा फरक म्हणजे सुमारे ०.५७ अंश. ऐकायला काहीच नाही. पण दोन्ही फळ्यांत मिळून तो दुप्पट होतो, आणि १५० मिमी रुंद फळीची पलीकडची कड सुमारे ३ मिमी उचलली जाते. क्लॅम्पने ती दाबता येते, पण मग डोमिनो आणि डिंकाची ओळ कायम एकमेकांशी भांडत राहतात.

आधी हात तपासा, मग मशिन. मशिन ३.२ किलोचं आहे आणि मोटरचं वजन फळीच्या बाहेर लटकतं. उजवा हात मोटर धरून आत ढकलताना नकळत खाली दाबतो, फेन्सचं पुढचं टोक उचललं जातं आणि कटर तिरका शिरतो. डावा तळहात फेन्सवर, कडेच्या शक्य तितक्या जवळ ठेवा आणि सगळा दाब तिथेच द्या. उजव्या हाताने फक्त सरळ ढकला. बोटांनी आवळून धरू नका, तळव्याने लोटा. व्हॅक्यूमचा पाइप जमिनीवरून फरफटत येत असेल तर तोही मशिन मागे किंवा बाजूला खेचतो. तो खांद्यावरून घ्या किंवा वरून टांगा.

फळी अरुंद असेल तर फेन्सला बसायला जागाच पुरत नाही. तिच्या मागे त्याच जाडीची दुसरी फळी लावून दोन्ही एकत्र क्लॅम्प करा. आणि फळीचा पृष्ठभाग मुळात सपाट हवा. मध्ये खोलगट किंवा फुगलेल्या फळीवर फेन्स डुलतो, तिथे हात कितीही स्थिर असला तरी भागत नाही. आधी रंधा, मग डोमिनो.

हे सगळं ठीक असूनही कोन चुकत असेल तर फेन्सचा ९० अंशाचा खटका तपासा. प्लग काढा, फेन्स ९० वर आणा, लिव्हर आवळा आणि फेन्स व पुढची प्लेट यांच्यामध्ये चांगला गुण्या धरून उजेडासमोर पाहा. फट दिसली तर खटक्यावर विसंबू नका. गुण्या लावूनच कोन बसवा आणि लिव्हर आवळा. काम अडत नाही, फक्त प्रत्येक वेळी गुण्या हाताशी लागतो.

आणखी एक प्रकार क्वचित दिसतो: खाचेचं डावं टोक वर, उजवं खाली. डोमिनो घालून त्याच्या दोन्ही कडांचं पृष्ठभागापासून अंतर मोजलं की कळतं. फेन्सखाली ढलपी अडकली नसेल आणि सपाट तुकड्यावर हा फरक पुन्हा पुन्हा तेवढाच येत असेल, तर मशिन सर्व्हिसला न्या. हे घरी पाना घेऊन सुधारण्याचं काम नाही.

एकेक डोमिनो बसतो, सगळे मिळून बसत नाहीत

बिस्किट जॉइनरवरून (त्यात डोमिनोऐवजी पातळ लाकडी चकत्या, म्हणजे बिस्किटं घालतात) डोमिनोकडे आलेल्यांना हा त्रास हमखास होतो. बिस्किटाला खाचेत लांबीच्या दिशेने थोडं सरकायला जागा असते. अरुंद डायलवर पाडलेल्या डोमिनोच्या खाचेत ती नसते. ओळीत सहा खाचा असतील तर सहाही अचूक पडायला हव्यात, आणि माणसाच्या हाताकडून ती अपेक्षा करू नये.

म्हणून पद्धत अशी: पहिल्या फळीच्या सगळ्या खाचा अरुंद. दुसऱ्या फळीची एकच खाच अरुंद, बाकी सगळ्या मधल्या रुंदीवर. मधली जागा अरुंदीपेक्षा ६ मिमी रुंद, म्हणजे डोमिनोला दोन्हीकडे ३-३ मिमी सरकायला वाव. ती एक अरुंद खाच फळ्यांची लांबीतली जागा पक्की करते, बाकीचे डोमिनो फक्त पातळी सांभाळतात. ज्या टोकाला रेषे किंवा टोकं जुळवायची असतील तिथे अरुंद खाच ठेवा.

डायल फिरवायचा तो मशिन चालू असतानाच. बंद मशिनवर तो नीट बसेल याची खात्री नसते, आणि मग रुंद समजून अरुंद खाचा पाडल्या जातात. बोटं अर्थातच कटरपासून लांब.

सगळ्या खाचा एकाच बाजूला सारख्याच सरकलेल्या असतील तर खिडकीची रेघ किंवा तुमची नजर चुकतेय. खिडकीत तिरकं वाकून पाहिलं की रेघ सरकलेली दिसते. डोकं बरोबर वर आणून पाहा. तरीही फरक तेवढाच असेल तर रद्दी तुकड्यावर एक खाच पाडा, तिचा खरा मध्य मोजून काढा, फेन्सवर मास्किंग टेप चिकटवा आणि त्यावर स्वतःची रेघ मारा. यापुढे तीच रेघ खरी.

कधी इकडे, कधी तिकडे अशी चूक असेल तर मशिन सुरू होताना किंवा आत शिरताना सरकतंय. मशिन आधी सुरू करा, पूर्ण वेग येऊ द्या, मग रेघेवर नेऊन सावकाश ढकला. घाईने ढकललं की बारीक कटर, विशेषतः ४ आणि ५ मिमीचे, गाठीपाशी किंवा कडक रेषेपाशी बाजूला वळतात. बोथट कटरला जास्त जोर लागतो आणि जोर लावला की मशिन सरकतं. सागात सिलिका असते, ती धार लवकर खाते. कटरचा आवाज बदलला, खाचेच्या कडा काळपट दिसू लागल्या, की कटर बदलायची वेळ झाली. बदलताना आधी प्लग काढा, ८ मिमीचा पाना वापरा आणि नवा कटर लावण्यापूर्वी त्याची बसायची जागा फडक्याने पुसा. तिथे भुसा राहिला की कटर थरथरतो आणि खाच ढिली पडते.

सांधा मिटत नाही, किंवा डोमिनो आत जात नाही

६ × ४० च्या डोमिनोला दोन्हीकडे २० मिमी खोली, ५ × ३० ला १५, ८ × ५० ला २५. खोली बरोबर असूनही फट राहिली तर खाचेत भुसा दाबून बसला आहे. व्हॅक्यूम न लावता हे मशिन वापरूच नये. भुसा खाचेतही राहतो आणि फेन्सखालीही शिरतो. पटाशीच्या टोकाने खाच उकरा, फुंकर मारा, मग पुन्हा जोडून पाहा.

पावसाळ्यात, त्यातही मुंबई-कोकणात, दोष बहुतेकदा खाचेचा नसतो. डोमिनो बीच लाकडाचे असतात आणि दमट हवेत फुगतात. मार्चमध्ये बोटाने बसणारा डोमिनो जुलैमध्ये मोगरीने ठोकावा लागतो. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. फुगलेले असतील तर दिवसभर उन्हात किंवा कमी आचेच्या ओव्हनमध्ये थोडा वेळ वाळवा. व्हाइसमध्ये किंचित दाबून बारीक केले तरी चालतात, डिंकातल्या पाण्याने ते परत फुगून घट्ट बसतात.

खऱ्या फळ्यांवर चूक आधीच झाली असेल तर

लांबीतली चूक: दुसऱ्या फळीच्या खाचा त्याच जागी मधल्या रुंदीवर पुन्हा पाडा. किंवा डोमिनोच्या कडा पटाशीने उतरवा. काम झालं.

उंचीतली किरकोळ चूक, म्हणजे ०.२-०.३ मिमी: डोमिनोची एक बाजू सँडपेपरवर घासून पातळ करा आणि जुळणी करताना फळ्या हाताने एका पातळीत आणून क्लॅम्प करा.

उंचीतली मोठी चूक: जुनी खाच सुधारायच्या भानगडीत पडू नका. अर्ध्या जुन्या खाचेवर नवी पाडली की कटर पोकळीकडे ओढला जातो. जुनीपासून चार-पाच सेंटिमीटर सरकून नवी खाच पाडा. जुनी सांध्याच्या आत झाकली जाते. मात्र ती फळीच्या टोकाजवळ असेल आणि फळ्या जोडून तयार झालेला टॉप नंतर कापायचा किंवा कडेला गोलाई द्यायची असेल, तर ती उघडी पडेल. तिथे डोमिनो डिंक लावून घाला आणि वाळल्यावर पातळीत कापा. त्याचसाठी सुरुवातीलाच पहिली आणि शेवटची खाच तयार टॉपच्या टोकापासून किमान ५-७ सेंटिमीटर आत धरा. मधल्या खाचांमध्ये १५ ते २५ सेंटिमीटर अंतर पुरतं. जास्त घालून ताकद वाढत नाही, चुकायच्या जागा वाढतात.

चिकटवताना डिंक खाचेत पातळ आणि कडेला भरपूर लावा. बीच ओलावा लगेच पितो, म्हणून सगळे डोमिनो आधी एका फळीत बसवून मगच दुसरी चढवा, आणि हाताशी क्लॅम्प तयार ठेवा. क्लॅम्प एक वर, एक खाली असे आलटून पालटून लावा. आणि वाळल्यावर लगेच रंधा किंवा सँडर फिरवू नका. डोमिनोभोवतीचं लाकूड डिंकाच्या पाण्याने फुगलेलं असतं. ते तसंच घासून सपाट केलं तर आठवड्याभरात ते आत बसतं आणि पॉलिशखाली डोमिनोच्या आकाराचे खोलगट डाग दिसतात. जाड टॉपला दोन दिवस, पावसाळ्यात त्याहून जास्त थांबा.